कूलरसमोरची खुर्ची

काल सकाळी मी एका आमदाराला दुसऱ्या आमदारावर तुटून पडायला लावलं. खरं तर तो माणूस पायऱ्यांवर उभा राहून, रुमालानं नाक पुसत, सर्दी झालेल्या आवाजात दोन वाक्यं बोलला होता. मी त्या दोन वाक्यांवर ‘स्लॅम्स’ हे इंग्रजी क्रियापद बसवलं आणि मथळा वेबसाइटवर सोडून दिला. माझं रोजचं काम हेच आहे. माणसं बोलतात आणि मी त्यांना एकमेकांवर आदळतो. लोक ते उघडून वाचतात, वरचे खूश होतात. मथळा सोडला की मला धकाते मॅडम आठवतात आणि घरी जाईपर्यंत आठवत राहतात. त्या वारल्या त्याला हा दुसरा उन्हाळा.

शैला धकाते आमच्या इंग्रजी दैनिकाच्या नागपूर डेस्कच्या प्रमुख होत्या. आम्ही बातमीदारांनी आणलेली प्रत्येक बातमी त्यांच्या हाताखालून जायची. बुटक्या, सावळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरातल्या. कोणी नवा आला की हमखास म्हणायचा, ‘‘मॅडम, विणकराच्या घरच्या तुम्ही, म्हणून बातमीची कॉपी अशी घट्ट विणता.’’ त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. ‘‘माझ्या बापानं माग विकला तेव्हा मी शाळेत होती. मले एक गाठ मारता येत नाही.’’ आणि साड्या कायम पॉलिस्टरच्या, लवकर वाळतात म्हणून.

सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत आमचं ऑफिस होतं. त्यांच्या टेबलाच्या बाजूला, खसच्या कूलरची हवा जिथं थेट अंगावर येई, तिथं लाकडी हातांची, वेताच्या बैठकीची एक रिकामी खुर्ची असायची. मे महिन्यात संपूर्ण ऑफिसात तेवढी एकच जागा थंड होती. तरी तिथं कोणी आपण होऊन बसत नसे.

बातमीत माणसाचं बोलणं आलं की त्याच्या शेपटाला एक क्रियापद लागतं. आपल्याकडं ‘म्हणाला’, इंग्रजीत ‘सेड’. हे ‘सेड’ पुन्हा पुन्हा लिहायचा आम्हा पोरांना कंटाळा यायचा. शाळेत शिकवलेलं असतं ना, एकच शब्द वारंवार वापरू नये. मग कोणी ‘क्लेम्ड’ लिहायचं, म्हणजे तो दावा करतो. कोणी ‘अॅडमिटेड’, म्हणजे त्यानं कबूल केलं. मॅडमच्या नजरेस असा शब्द पडला की त्या बातमीदाराला हाक मारून खुर्चीकडं बोट दाखवत. तो बसला की म्हणत, ‘‘आता तू तू नाही. ज्याच्याबद्दल लिहिलं, तो आहे. आयक.’’ आणि त्याची बातमी त्यालाच वाचून दाखवत, इंग्रजीतून नव्हे, तिथल्या तिथं आपल्या नागपुरी बोलीत करून. इंग्रजीत जो शब्द रुबाबदार वाटलेला असे, तो बोलीत आला की कानफटात बसल्यासारखा लागायचा.

मी पहिल्यांदा बसलो तो कुहीच्या एका अभियंत्याच्या नावानं. तिकडच्या एका गावात धानाच्या शेतांना पाणी देणारा कालवा फुटला होता. अभियंता फोनवर म्हणाला, दुरुस्ती झाली. मी लिहिलं, ‘क्लेम्ड’.

‘‘तू कालवा पाह्यला?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘नाही मॅडम. शेवटची बस निघून राहिली होती.’’

‘‘मंग तुले कसं माहीत तो खोटं बोलून राहिला?’’

‘‘खोटं असं मी कुठं लिहिलं?’’

‘‘लिहिलं नाही. वाचकाले डोळा मारला.’’ त्यांनी चष्मा काढून खरोखर एक डोळा मिचकावला. ‘‘म्हणे, साहेब म्हणतात बरं का, दुरुस्ती झाली. हे काय आहे? एक तर जा, पाह्य, अन् लिह का कालवा फुटलेला आहे. नाही तर सेड लिह. डोळा मारू नको गा. पोरीले मारला तर मार खाशील, वाचकाले मारला तर कोणी काही म्हणत नाही, म्हणून काय मारत सुटायचं?’’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी गेलो. कालवा दुरुस्त झालेला होता. नव्या मातीवर गोणपाटं टाकून अभियंता तिथंच उभा होता. त्यानं मला सायकलच्या दुकानात बसवून चहा पाजला. मी त्याच्याबद्दल काय लिहिणार होतो, हे त्याला माहीत नव्हतं. तो चहा मला फार गोड लागला आणि मी अर्धा कप तसाच ठेवला.

‘‘सेड म्हणजे पोस्टमन,’’ मॅडम म्हणत. ‘‘चिठ्ठी देते, वाचत नाही. तुमचे बाकीचे शब्द चिठ्ठी फोडून, वाचून, वर मान हलवत देतात.’’

ही सवय त्यांच्या घरगुती बोलण्यातही शिरलेली होती, त्यामुळं त्यांच्यासमोर चहाड्या रंगत नसत. आमच्यातला एक जण डबा खाताना तक्रार करत होता, ‘‘आज बायको सकाळी सकाळी टोमणा मारून गेली.’’

‘‘काय म्हणाली?’’ मॅडमचा हात कोथिंबिरीच्या सांबारवडीवर तसाच थांबला.

‘‘म्हणाली, दूध संपलं.’’

‘‘मंग दूध आण.’’

विषय संपला. हसून हसून आम्हाला ठसका लागला, पण तो माणूस संध्याकाळी खरंच दुधाची पिशवी घेऊन घरी गेला.

मात्र एक गोष्ट मी तेव्हा नीट लक्षात ठेवायला हवी होती. एक नगरसेवक होते. पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी सभागृहात जोरदार भाषण केलं आणि आमच्या अंकात छापून आलं, ‘सेड’. दुसऱ्या दिवशी ते दोन कार्यकर्ते घेऊन ऑफिसात आले. मॅडमनी त्यांना त्याच खुर्चीत बसवलं. कूलरची हवा लागल्यावर त्यांचा राग जरा उतरला.

‘‘म्याडम, मी गरजलो. बाकीचे पेपर पाहा. सगळ्यांनी गरजले, बरसले, काय काय लिहिलं. तुमच्या पेपरात मी कसा? जसा काही भाजीवाल्याले भाव विचारून राहिलो.’’

‘‘भाऊ, तुम्ही नेमकं केलं काय?’’

‘‘काय केलं म्हणजे? टेबल ठोकलं. पाण्याचा ग्लास सांडला. महापौरांच्या फायलीवर पाणी गेलं.’’

मॅडमनी मान वळवून बातमीदाराला विचारलं, ‘‘ठोकलं होतं का गा?’’

‘‘हो मॅडम.’’

‘‘ग्लास सांडला?’’

‘‘हो.’’

‘‘मंग लिहिलं काहून नाही? टेबल ठोकलं तर टेबल ठोकलं लिह. ग्लास सांडला तर ग्लास लिह. जे झालं ते सगळं लिह. फक्त क्रियापदात टेबल ठोकू नको.’’ आणि नगरसेवकांकडं वळून म्हणाल्या, ‘‘भाऊ, चूक आमची आहे. पुढच्या वेळी ग्लास छापू.’’

पुढच्या सभेत त्यांनी पुन्हा ग्लास सांडला आणि आम्ही तो छापला. त्यानंतर वर्षानुवर्षं ते मॅडमना दिवाळीला चिवडा पाठवत. मॅडम तो डेस्कवर उघडून ठेवत आणि म्हणत, ‘‘ग्लासवाल्यांचा आला, खा.’’

मी त्या वेळी फक्त हसलो. धड्याचा अर्धा भाग, म्हणजे आपला शब्द घालू नये, एवढाच मी पाठ केला. दुसरा अर्धा भाग, म्हणजे झालेलं काही गाळू नये, तो त्या हसण्यात वाहून गेला.

मॅडमना एकच मुलगा, रोहित. तो शाळेत असतानाच त्याचे वडील गेले. मॅडमनी त्याला एकटीनं वाढवलं. शिकून तो बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत शिफ्ट इंजिनिअर म्हणून लागला, त्या दिवशी मॅडमनी डेस्कला पेढे दिले आणि स्वतः दोन खाल्ले, साखरेचा आजार असताना.

त्याच गिरणीच्या रंगाई विभागात एका दुपारी वाफेचा पाइप फुटला. दोन कामगार भाजले. दोघेही बिहारकडून आलेले, पोरसवदा. बातमीला मी गेलो. गेटबाहेर आम्ही सगळे पत्रकार उभे होतो आणि कंपनीचा कोणी साहेब बाहेर यायला तयार नव्हता. शेवटी रोहितच आला. शर्टाच्या बाह्या ओल्या, चेहरा पांढराफटक. तो म्हणाला, ‘‘माझ्या शिफ्टमध्ये तो वॉल्व्ह कोणी तपासला नाही. पण ते काम मेंटेनन्सचं आहे, माझं नाही.’’

बस, एवढंच. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या पेपरच्या माणसानं पहिलं वाक्य वहीत उतरवून खाली रेघ मारली. तो काय लिहिणार, हे मला तिथंच कळलं. इंजिनिअरची कबुली.

ऑफिसला येईपर्यंत, सगळ्या वर्धा रोडभर, मी एकच विचार करत होतो की या पोराला कसं वाचवायचं. मी त्यांच्या घरी जेवलेला माणूस. रोहित मला काका म्हणायचा. मी लिहिलं, ‘क्लॅरिफाइड’. रोहित धकाते यांनी स्पष्ट केलं की ते काम त्यांचं नव्हतं. दिसायला साधा शब्द. पण स्पष्ट करणारा माणूस आधीच खरा ठरलेला असतो. मी त्याच्या बाजूनं डोळा मारला होता.

डेस्कवर सगळ्यांना कळलं होतं. कोणी तरी म्हणालं, ‘‘मॅडम, आज तुम्ही राहू द्या, आम्ही पाहून घेतो.’’ मॅडमनी माझी बातमी एकदा मनात वाचली. मग त्या आपल्या जागेवरून उठल्या, टेबलाला वळसा घातला आणि जाऊन त्या खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना त्या खुर्चीत बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

‘‘वाच,’’ त्या मला म्हणाल्या.

‘‘मॅडम, रोहितचं मी...’’

‘‘रोहितची आई तिकडं डेस्कवर बसते. मी त्या भाजलेल्या पोराची माय आहे. वाच गा.’’

मी वाचलं. कूलरचं पाणी संपत आलं होतं, पंप कोरडा घरघरत होता. मी त्यांच्याकडं न पाहता बोलीत वाक्य करत गेलो. स्पष्ट केलं, या शब्दाशी त्यांनी हात वर केला. तळहात समोर, बोटं जुळलेली, ट्रॅफिकच्या पोलिसासारखा. शब्द अडला की त्या नेहमी तसाच हात करत.

‘‘पेपरवाल्यानं पाह्यलं का, ते काम त्या साहेबाचं नव्हतं म्हणून?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग माझ्या पोराले कोणं भाजलं, हे ठरवून मोकळा झाला का तू?’’

त्या उठल्या, आपल्या जागेवर परत गेल्या, ‘क्लॅरिफाइड’ काढलं आणि ‘सेड’ केलं. रोहितची दोन्ही वाक्यं जशीच्या तशी ठेवली. पान छपाईला सोडलं. मग डबा धुवायला गेल्या आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या पेपरांत कबुली होती. संध्याकाळी रोहित ऑफिसात आला. हातात आमचाच अंक.

‘‘आई, ते लोक परके आहेत. त्यांचं मला काही नाही. पण तू?’’

‘‘मी सेड लिहिलं. तू म्हणाला ना?’’

‘‘एवढंच? तुझ्या मुलाबद्दल तुला एवढंच लिहिता आलं?’’

मला वाटलं, आता त्या गप्प बसतील. निदान आज तरी. पण त्या म्हणाल्या, ‘‘अविनाशनं तुझ्या बाजूनं लिहिलं होतं. मी काढलं.’’

रोहितनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत माझ्याबद्दल आभार होते आणि ते आभार मला आजतागायत टोचतात. मी तो शब्द लिहिला नसता तर मॅडमना तो खोडावा लागला नसता.

‘‘बस,’’ मॅडम खुर्चीकडं हात करून म्हणाल्या. ‘‘मी तुले वाचून दाखवते.’’

‘‘तुझ्या त्या खुर्चीत मी बसणार नाही,’’ तो म्हणाला आणि गेला.

कंपनीनं त्याला लगेच घरी बसवलं. पुढं चौकशीचा अहवाल आला. वॉल्व्ह तपासणं मेंटेनन्सचं काम होतं. मी धावत मॅडमकडं गेलो. आता तरी ‘निर्दोष’ लिहू या म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘‘अहवाल म्हणते, असं लिह.’’ पण ती बातमी त्यांनी पहिल्या बातमीच्याच पानावर, तेवढ्याच जागेत लावली. कबुली छापणाऱ्यांनी ती छापलीच नाही. तोवर रोहित गुजरातला गेला होता. आईशी त्यानं बोलणं टाकलं. फोन केला तर उचलायचा नाही. सणाला आला नाही.

मला मात्र तो अधूनमधून फोन करी. एकदा असाच फोन येऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला विचारलं, कागदांवरून नजर न काढता.

‘‘रोहितचा फोन आला होता म्हणे तुले?’’

‘‘हो मॅडम.’’

‘‘काय म्हणाला?’’

‘‘म्हणाला, नवीन प्लांट बरा आहे. खानावळ गोड स्वयंपाक करते.’’

त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘‘कसा वाटला?’’

हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आम्हाला हा प्रश्न विचारायची बंदी होती. माणूस कसा वाटला ते सोड, काय म्हणाला ते सांग. आणि मी, त्यांचा शहाणा विद्यार्थी, म्हणालो, ‘‘ते मी कसं सांगू मॅडम? म्हणाला तेवढं सांगितलं.’’

‘‘बरोबर,’’ त्या म्हणाल्या, आणि लाल पेन उचललं.

जे मी सांगितलं नाही ते असं. फोनवर बोलता बोलता मी रोहितला सहज म्हटलं होतं, आई आता चष्मा लावूनही कागद नाकाशी धरते. त्यावर तो काही बोलला नाही. पलीकडं ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते, त्याचा श्वास ऐकू येत होता. त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. मग तो ‘ठीक आहे काका’ म्हणाला. तो गप्प होता, पण लाइनवर होता. हे झालेलं होतं. आणि मी ते गाळलं, का, तर तो काही म्हणाला नव्हता.

त्यानंतर नागपूरचं डेस्क बंद झालं. आमची पानं दुसऱ्या शहरात तयार व्हायला लागली आणि मला वेबसाइटवर बसवलं. मॅडमची निवृत्ती त्याच सुमारास झाली. फर्निचर भंगारात जाणार होतं. मी ती खुर्ची मागून घेतली आणि छोट्या टेम्पोत घालून बेसाला त्यांच्या फ्लॅटवर नेली. तिकडं सगळीकडं नव्या इमारती उभ्या राहत होत्या. गॅलरीत उभं राहिलं की सिमेंटची धूळ. मॅडमना आता मोठी अक्षरंही दिसत नव्हती. त्यांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला आणि ओळखली.

‘‘ही कायले आणली गा? इथं कोणाले बसवू?’’

त्या वाक्यानं माझं धाडस झालं. मी त्यांना खुर्चीत बसवलं, समोर उभा राहिलो आणि तो जुना फोन सांगितला. ट्रकचे हॉर्न, श्वास, सगळं.

त्या ऐकत राहिल्या. ‘‘ठेवला नाही त्यानं?’’

‘‘नाही.’’

‘‘अन् हे तू तेव्हा नाही सांगितलं.’’

‘‘तो काही म्हणाला नव्हता मॅडम.’’

‘‘ग्लास विसरला तू,’’ त्या म्हणाल्या. रागानं नाही. असं लिहू नये, माहीत आहे. म्हणाल्या, एवढंच. मग म्हणाल्या, ‘‘मले नंबर लावून दे.’’

रोहितनं उचलला नाही. थोड्या वेळानं त्याचाच उलटा फोन आला, बहुधा माझा नंबर पाहून. मॅडमनी फोन कानाला लावला. ‘‘मी बोलून राहिली,’’ म्हणाल्या. आणि पुढं काही बोलल्या नाहीत. पलीकडूनही काही ऐकू येत नव्हतं. दोघंही लाइनवर होते. मी दार हलकेच ओढून घेतलं आणि जिना उतरलो.

पुढं तो किती दिवसांनी आला, त्यांच्यात काय बोलणं झालं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मी जायचंच टाळत होतो. माझे मथळे घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटायची. त्या मला खुर्चीत बसवतील या भीतीनं मी गेलो नाही, आणि आता मला कोणी तरी खुर्चीत बसवावं, माझंच लिहिलेलं मला वाचून दाखवावं, याची इतकी भूक लागते की रस्त्यानं जाता जाता मी माझे मथळे नागपुरीत पुटपुटतो. ‘आमदारानं आमदाराले आपटलं.’ ऐकणारं कोणी नसतं.

शेवटचं पाहिलं ते असं. उन्हं उतरलेली होती. मला बेसाला दुसरंच काम होतं. त्यांच्या इमारतीखाली स्कूटर उभी केली, वर जावं की नाही ठरत नव्हतं म्हणून हेल्मेट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. पहिल्याच मजल्यावर त्यांची गॅलरी. मॅडम पलंगावरची उशी पाठीशी घेऊन दाराशी बसलेल्या. आणि त्या खुर्चीत रोहित. कानाजवळ केस पांढरे झालेले. तो मोबाइलवरून काही तरी मोठ्यानं वाचून दाखवत होता. खालपर्यंत शब्द येत नव्हते, शेजारी मिक्सर फिरत होता. पण त्याच्या अंगठ्यामागं पडद्याची वरची निळी पट्टी दिसली. आमचीच वेबसाइट होती.

सकाळी मी कोणाला कोणावर आदळलं होतं, ते मी आठवू लागलो.

मॅडमचा हात वर गेला. तळहात समोर, बोटं जुळलेली. रोहित थांबला, हसला, अंगठ्यानं मागं गेला आणि तेच वाक्य पुन्हा वाचू लागला. हात तसाच वर होता. मी हेल्मेट घातलं नाही. खाली, ओट्याजवळ, तो हात खाली येण्याची वाट पाहत उभा राहिलो.